प्लेगाची साथ आणि परिचारिकेचा शब्द

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात जबर ताप येऊन काखेत वा जांघेत गाठ उठलेले रोगी एकामागून एक दगावू लागले. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय, असे निःसंदिग्धपणे सांगणारे पहिले वैद्य डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे. मेट्रो चित्रगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. गोमंतकीय मंडळींनी मुंबईस गेल्यावर तेथे क्षणभर थांबावे. परंतु आज आम्हांस लिहावयाचे आहे ते वैद्यांविषयी नव्हे. वैद्य खाटेपाशी घटकाभर येतो आणि जातो. उरलेले अष्टौप्रहर रोग्याजवळ कोण होते, आणि ते त्याच्याशी काय बोलत होते, हा आमचा प्रश्न आहे.

प्लेगाच्या इतिहासात इस्पितळाचे भय हे रोगाच्या भयाहून मोठे ठरले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेले. त्याच महिन्यात मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून इस्पितळात रोग्यांची काळिजे काढून घेतात, अशी वदंता पसरली होती. माणसांना उलटे टांगून त्यांची मोमियाई काढतात, हीही एक बातमी होती. आज या गोष्टी वाचून हसू येते. पण हसण्यापूर्वी त्या लोकांच्या जागी उभे राहून पाहावे. रोगी बहुधा अगदी अखेरच्या अवस्थेत आत जाई, आणि बाहेर येई ते त्याचे प्रेत. मधल्या दोन-तीन दिवसांत तो काय बोलला, पाणी कोणी पाजले, अंतकाळी तोंडात तुळशीपत्र पडले की नाही, हे आप्तांना सांगणारे कोणीच नसे. जेथे सांगणारा नसतो तेथे वदंताच बोलू लागते.

पुण्यास तर १८९७ च्या मार्चपासून रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे शिपाई घरांत, माजघरांत, देवघरांत शिरले. २२ जून रोजी त्याचे पर्यवसान कशात झाले, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच पुण्यात लोकमान्य टिळकांनी लोकवर्गणीतून हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारले. मुंबईतही पुढे निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली इस्पितळे काढली. सरकारनेही, उशिरा का होईना, जुलमापेक्षा समजुतीने काम अधिक होते हे ओळखले.

तथापि इमारत उभारणे सोपे. शुश्रूषा करणारे हात आणावयाचे कोठून? सरकारने विलायतेहून परिचारिका मागविल्या. त्या बायांनी जिवावर उदार होऊन काम केले, यात संशय नाही. परंतु त्यांतील बहुतेकींस येथील कोणतीच भाषा येत नव्हती. वाताच्या भरात एखादी म्हातारी मुलाच्या नावाने हाका मारीत असेल, तर त्या परिचारिकेने करावे काय? तापमापक लावता येते, गाठीवर पट्टी बांधता येते. ‘घाबरू नका आजी, मी येथेच आहे’ हे दुभाष्याकरवी सांगता येत नाही.

आणि येथे आम्हांस आमच्याच पूर्वजांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. इस्पितळात आपल्या आचाराची, आपल्या बोलीची बाई नाही, ही तक्रार घरोघर होती. ती खोटीही नव्हती. पण ‘मग आपल्या घरातील एक मुलगी पाठवा’ असे कोणी म्हटले असते, तर तीच घरे कानांवर हात ठेवती. रात्रीची पाळी, परपुरुषाच्या देहाला स्पर्श, सर्व जातींचा विटाळ आणि मलमूत्र! हे काम कुलीन स्त्रीचे नव्हेच, असा एकमुखी निर्णय होता. गंमत अशी की, घरात देवी आल्या वा विषमज्वर झाला म्हणजे रात्र रात्र उशाशी बसणारी, चमच्या-चमच्याने पेज पाजणारी बाई ही बहुधा घरातील सोवळी आत्या किंवा विधवा जाऊच असे. काम तेच, फक्त त्याला नाव नव्हते, वेतन नव्हते आणि मानही नव्हता.

सावित्रीबाई फुले यांनी मात्र कोणाच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

जे एकटीच्या धैर्याने झाले त्याला संस्थेचा आधार मिळण्यास आणखी बारा वर्षे लागली. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यास सेवासदन स्थापन केले, आणि पुढे लवकरच तेथील विद्यार्थिनी ससून इस्पितळात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. रमाबाईंची खरी चतुराई आम्हांस दिसते ती निवासाच्या व्यवस्थेत. शिक्षण इस्पितळात, पण राहणे संस्थेच्या वसतिगृहात, जाणत्या बायांच्या देखरेखीखाली. दिवसभर ज्या मुलीने परक्यांची दुखणी उपसली, तिला रात्री आपल्या माणसांत बसून जेवता येई. आणि शेजारणीने नाक मुरडले तरी आपल्या पाठीशी न्यायमूर्तींच्या पत्नी उभ्या आहेत, एवढे तिला पुरे असे. अशी निर्धास्त झालेली बाई खाटेपाशी मोकळेपणी बोलू शकते. उलट जिला स्वतःलाच आपल्या कामाची लाज वाटावयास लावली आहे, ती रोग्यास धीर काय देणार?

२०२० च्या साथीत परिचारिकांची मुखे पुन्हा झाकली गेली. नखशिखांत पांढऱ्या पोशाखात कोण आले, हे रोग्यास कळेना. तेव्हा कित्येक इस्पितळांत त्या मुलींनी आपले नाव शाईने छातीवर ठळक लिहिले. कोठे कोठे तर आपले हसरे छायाचित्रही पोशाखावर चिकटविले.