श्वान प्रथमोपचार
अपघात, सर्पदंश, विषबाधा वा उष्माघात झालेल्या कुत्र्यावर पशुवैद्य भेटेपर्यंत करायचे तातडीचे उपाय.

बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडांत नाग, घोणस आढळतात. दंश झालेल्या कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. जखम कापू वा आवळून बांधू नये. प्रतिसर्पविष दवाखान्यातच देतात (→ सर्पदंश). वेदनेत लाडके कुत्रेही चावते, म्हणून आधी त्याचे तोंड सुती पट्टीने बांधावे. उलटी किंवा धाप असल्यास मात्र मोकळे ठेवावे. उन्हात मेंढरांमागे पळून कोसळलेल्या धनगरी कुत्र्याला सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा.

वाडीवस्तीपासून दवाखाना लांब असल्याने या उपायांना महत्त्व. पशुवैद्यकीय मदतीसाठी क्रमांक १९६२.