पाचशे रुपयांचा लॅपटॉप : एका अफवेचा इतिहास

१/ जानेवारी २००९च्या अखेरीस वृत्तपत्रांतून एक वार्ता देशभर पसरली : भारत सरकार विद्यार्थ्यांसाठी दहा डॉलरचा, म्हणजे सुमारे पाचशे रुपयांचा लॅपटॉप आणत आहे. ते यंत्र कोणी पाहिले नव्हते. सर्वांना ठाऊक होती ती केवळ किंमत. या अफवेचा इतिहास म्हणजे त्या किमतीचाच इतिहास आहे.

२/ स्वप्न त्याहून जुने होते. मुलांना हाती धरून वापरता येईल अशा पुस्तकाएवढ्या संगणकाची कल्पना अमेरिकी संशोधक ॲलन के यांनी १९७२मध्ये मांडली. त्याला त्यांनी ‘डायनाबुक’ म्हटले. ते यंत्र प्रत्यक्षात आले नाही. कल्पना मात्र टिकली.

३/ भारतात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ‘सिम्प्युटर’ घडवला. तळहातावर मावणारा, अनेक भाषा जाणणारा हा संगणक २००४मध्ये विक्रीस आला. अपेक्षा पन्नास हजारांची होती. खप काही हजारांवर थांबला.

४/ २००५मध्ये निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जगापुढे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००६मध्ये भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तो नाकारला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, अशी शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांची भूमिका होती.

५/ तरीही २००७मध्ये तो लॅपटॉप महाराष्ट्रात आला. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकखोली, एकशिक्षकी मराठी शाळेत वीसेक मुलांच्या हाती ही हिरवी-पांढरी यंत्रे पडली. भारतातील त्या उपक्रमाचा हा पहिला प्रयोग. तोवर शंभर डॉलरचा लॅपटॉप दोनशे डॉलरच्या घरात गेला होता.

६/ आता दहा डॉलरच्या वार्तेचा अर्थ उलगडतो. परदेशी यंत्र नाकारणाऱ्या मंत्रालयाकडून स्वदेशी उत्तराची अपेक्षा होती, आणि शंभराला दहा हे उत्तर ऐकताच पटणारे होते. ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपती येथे पडदा उघडला. समोर आली ती दहा इंच लांब, पाच इंच रुंद अशी एक पेटी. तिला स्वतःचा पडदाही नव्हता. लॅपटॉप तर ती नव्हतीच.

७/ अफवा येथे संपायला हवी होती. तसे झाले नाही. २२ जुलै २०१० रोजी मंत्री कपिल सिब्बल यांनी स्पर्शपडद्याचा एक नमुना दाखवला. किंमत पस्तीस डॉलर, म्हणजे सुमारे पंधराशे रुपये. पुढे ती वीस आणि अखेरीस दहा डॉलरवर आणण्याचा संकल्पही त्यांनी बोलून दाखवला. तिरुपतीत फसलेला आकडा पुन्हा जिवंत झाला.

८/ ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ आला. डेटाविंड कंपनीचा सात इंची टॅबलेट. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. सरकारला तो पन्नास डॉलरच्या आसपास पडला. आधी किंमत ठरली आणि मग तीत बसेल तेवढे यंत्र घडले. पडदा बोटाने दाबावा लागे, गती मंद होती. तरी त्याच्या बाजारातील आवृत्तीसाठी चौदा लाख नोंदण्या आल्याचा दावा कंपनीने केला. एवढी ती भूक होती.

९/ आता हे यंत्र सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटला नेऊन पाहावे. संत्र्याच्या बागांचे हे गाव. भारनियमनाने वऱ्हाड तेव्हा बेजार होता. पहिल्या ‘आकाश’मध्ये सिमकार्डाची सोय नव्हती, इंटरनेटसाठी वाय-फाय हवे. ते त्या काळी अशा गावात किती घरांत असणार?

१०/ हा दोष केवळ यंत्राचा नव्हता. सरकारी योजना मुळात उच्च शिक्षणाची होती. महाविद्यालयांना ब्रॉडबँडने जोडणे हा तिचा गाभा. ‘आकाश’ महाविद्यालयाच्या आवारासाठी घडला होता. अफवेने मात्र तो गावोगावच्या शाळकरी मुलांच्या दप्तरात नेऊन ठेवला. योजनेचा कागद आणि लोकांची आशा यांतील हे अंतर कोणी मोजले नाही.

११/ २०१२मध्ये प्रकल्प मुंबईच्या आयआयटीत आला आणि प्रा. दीपक फाटक यांनी त्याची धुरा घेतली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ प्रकाशित झाला. तो कितीतरी वेगवान होता. फाटकांनी यंत्रासोबत महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. आकड्यांच्या गदारोळात आजवर निसटलेला मुद्दा हाच होता. पुढच्या आवृत्तीची चर्चा झाली, खरेदी झाली नाही. २०१५मध्ये प्रकल्प आटोपला.

१२/ अफवेतला आकडा मात्र खरा ठरला, तो भलत्याच वाटेने. २१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सने जिओफोन जाहीर केला. अनामत रक्कम : पंधराशे रुपये. सिब्बल यांच्या घोषणेला सात वर्षे व्हायला एक दिवस उरला होता. हा टॅबलेट नव्हता, कळफलकाचा लहानसा फोन होता. पण त्यात सिमकार्ड होते, आणि त्यामागे आदल्या वर्षी स्वस्त झालेला डेटा.

१३/ मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आला. घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशा घरांत २००९चा प्रश्न जसाच्या तसा उभा राहिला. ‘यंत्र केवढ्याला?’ हे सर्वांनी विचारले होते. ‘ते दिवसभर कोणाच्या हातात राहील, आणि शिकवणार कोण?’ हे खैरातच्या एकशिक्षकी शाळेने २००७मध्येच दाखवून दिले होते.