हॅरिससाहेबांचा खेळ आणि कारभार

मंडळी, आपण बोरीत बसून मुंबईच्या एका गव्हर्नराबद्दल बोलणार आहोत. आपल्या आजोबा-पणजोबांवर त्याचा हुकूम चालत नव्हता, कारण हा मुलूख तेव्हा निजामाचा. तरीही गावात पोरं बॅट घेऊन धावताना दिसली की मला हा माणूस आठवतोच.

त्याचं नाव लॉर्ड हॅरिस. पूर्ण नाव जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, घराण्यातला चौथा लॉर्ड. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूचा पाडाव करणाऱ्या सैन्याचा सेनापती म्हणजे याचे पणजोबा. वडील आधी त्रिनिदादचे आणि मग मद्रासचे गव्हर्नर. हा जन्मला त्रिनिदादला, 1851 मध्ये. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्रिकेटचं वेड असं की ते व्यसनच म्हणावं. केंट परगण्याचा कप्तान, पुढे इंग्लंडचाही. 8 फेब्रुवारी 1879 रोजी सिडनीत एका ऑस्ट्रेलियन फलंदाजाला धावचीत दिलं म्हणून लोक मैदानात घुसले, एकानं हॅरिसला काठीनं मारलं. तरी गडी मैदान सोडीना. मैदान सोडलं तर सामना हातचा जाईल, म्हणून उभाच राहिला! आता या हट्टाला धैर्य म्हणायचं की विक्षिप्तपणा, तुम्हीच ठरवा.

असा हा माणूस 1890 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हा एस्प्लनेडच्या मैदानावर एक भांडण धुमसत होतं. गोरे साहेब तिथे पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि तिथेच आपली पोरं क्रिकेट खेळत. त्यासाठी पारशी, हिंदू, मुसलमान यांनी 1881 पासून अर्ज केले होते. नवा गव्हर्नर स्वतःच क्रिकेटवाला, तेव्हा आता तरी न्याय मिळेल असं वाटलं असणार. पण हॅरिसनं पोलो हलवायला नकार दिला. मला तर इथेच त्याचा सगळा स्वभाव दिसतो. खेळावर प्रेम खरं, पण खेळणारा कोण, हे आधी बघायचं.

पुढे 1892 मध्ये समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर त्यानं मुसलमानांच्या जिमखान्याला जागा दिली, तीही नाखुशीनं. हिंदू जिमखाना 1894 चा. पारशांचा आधीच होता. एका जमातीला एक जिमखाना, त्यापुढे कोणी मागायला यायचं नाही, असा त्याचा हिशोब. ही विभागणी हॅरिसनं जन्माला घातली असं म्हणणं अन्यायाचं होईल, क्लब आधीपासून जातवार होतेच. पण त्याच्या काळात तिला सरकारी जमीन मिळाली. धर्मावार संघांच्या स्पर्धा मग 1946 पर्यंत चालल्या.

आता 1893 कडे या. 11 ऑगस्ट, शुक्रवार. जुम्मा मशिदीपासून दंगल उसळली आणि शहरभर पसरली. 75-80 माणसं मेली. गव्हर्नर कुठे होता? पुण्यात, गणेशखिंडीत. म्हणजे आज ज्या इमारतीत विद्यापीठ आहे तिथे. तिथे क्रिकेटचे सामने रंगले होते. साहेब मुंबईला परतले ते नवव्या दिवशी आणि तेही मुख्यतः एका सामन्यासाठी, असं सांगतात. सिडनीत दंगलीमुळे मैदान सोडलं नाही आणि इथेही नाही! केसरीनं सरकारवर झोड उठवली, इतर देशी पत्रांनीही. 1895 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्यावरच्या टीकेच्या कात्रणांचं एक पुस्तकच निघालं.

विलायतेत गेल्यावर तो क्रिकेटचा मोठा कारभारी झाला. कोण कोणत्या संघाकडून खेळणार, याबाबत फार कडक. 1896 मध्ये रणजितसिंहांना लॉर्ड्सच्या कसोटीत घेतलं नाही, त्यामागे हॅरिसचाच विरोध होता असं मानतात. पुढच्याच कसोटीत, मँचेस्टरला, रणजींनी 62 आणि नाबाद 154 धावा केल्या. आणि आक्षेप घेणारा स्वतः जन्मला कुठे? त्रिनिदादला!

मग या माणसाचं नाव आपण पुसून का टाकलं नाही? कारण मुंबईतल्या शाळांची हॅरिस शील्ड. 1988 मध्ये याच ढालीसाठी आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी, सचिन आणि विनोदनं, 664 धावांची भागी केली. आणि आझाद मैदान म्हणजे त्याच जुन्या एस्प्लनेडचा तुकडा.

हॅरिस वारला 24 मार्च 1932 रोजी. तीन महिन्यांनी, 25 जूनला, भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला लॉर्ड्सवर उतरला. कप्तान होते नागपूरचे सी. के. नायडू. साहेब गव्हर्नरकी सोडून गेले त्याच वर्षी, 1895 मध्ये, त्यांचा जन्म झाला होता. आणि त्या संघात हिंदू, मुसलमान, पारशी असे सगळे होते, एकाच टोपीखाली.