कॅडिलॅक १९५९ ते प्रीमिअर पद्मिनी: गाड्यांचे ‘टेलफिन’ नेमके कशासाठी होते?

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या फोटोंत मागच्या दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे उंच पत्रे दिसतात. त्यांना टेलफिन म्हणतात. याची छोटी आवृत्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे, ती म्हणजे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी.

सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्या महायुद्धात लॉकहीड पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान होतं. जनरल मोटर्सचे डिझाइन प्रमुख हार्ली अर्ल यांना ते आवडलं. त्यावरून १९४८ च्या कॅडिलॅकला पहिले छोटे फिन आले. पुढे क्रायसलरनेही फिन वाढवले आणि दोन्ही कंपन्यांत उंचीची स्पर्धाच लागली. १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये ती टोकाला गेली. प्रत्येक फिनवर रॉकेटच्या आकाराचे दोन-दोन लाल दिवे होते.

१९५९ कॅडिलॅक: थोडक्यात माहिती

- इंजिन: ६.४ लिटर व्ही-८, ३२५ हॉर्सपॉवर (एल्डोराडो मॉडेलमध्ये ३४५)
- गिअरबॉक्स: ४ गिअरचा ऑटोमॅटिक
- लांबी: सुमारे ५.७ मीटर
- रुंदी: सुमारे २ मीटर

थेरगाव-वाकडच्या सोसायटीत गाडीला साधारण ५ मीटर लांबीचं पार्किंग मिळतं. म्हणजे ही गाडी लावली तर फिन बाहेरच राहणार!

फिनचा उपयोग होता का?

तत्त्व म्हणून थोडा होता. विमानाची उभी शेपटी त्याला सरळ ठेवते. तसंच गाडीच्या मागे उभा पत्रा असेल, तर आडव्या वाऱ्यात तो गाडीला दिशा धरायला मदत करतो. पण रोजच्या वेगाला हा फरक जवळपास जाणवत नाही. खरं कारण विक्रीचं होतं. दरवर्षी गाडी वेगळी दिसली की जुनी गाडी ‘जुनी’ वाटायला लागते. आज फोनचा कॅमेरा बम्प दरवर्षी बदलतो, तसंच काहीसं.

यात एक गंभीर बाजूही होती. टोकदार फिन पादचारी आणि सायकलस्वारांना इजा करू शकत होते. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या सुरक्षिततेवरच्या आपल्या पुस्तकात यावर कडक टीका केली. तोपर्यंत फिन मावळतच आले होते. १९६० पासून कॅडिलॅकने ते दरवर्षी कमी करत नेले.

आपल्याकडे काय झालं?

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायची तयारी हवी, असं ठरलं. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. म्हणजे फिनची खरी लाट आली तेव्हा ही कंपनी इथे नव्हतीच.

मग फिन आले कसे? इटलीमार्गे. अमेरिकन फॅशन बघून फिएटने ११०० मॉडेलला छोटे फिन दिले. वालचंद हिराचंद यांनी उभारलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स फिएटच्या परवान्यावर कुर्ल्यात ही गाडी बनवत होती. तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसी इंजिन, लांबी ४ मीटरपेक्षा कमी, आणि मागे इवलेसे फिन! अमेरिकेत फिन गेल्यावरही आपल्याकडे ते कित्येक दशकं रस्त्यावर राहिले, कारण स्पर्धा कमी होती आणि नवीन साचे बनवणं महाग होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आज फिन का बनत नाहीत?

आता गाडीचा आकार फक्त डिझायनर ठरवत नाही. भारतात पादचारी सुरक्षेसाठी एआयएस-१०० हे मानक आहे. त्यात माणसाच्या डोक्यासारखा आणि पायासारखा नमुना गाडीच्या पुढच्या भागावर आदळून मोजमाप घेतात. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते आणि तिचं एक केंद्र आपल्या चाकणलाही आहे. बाहेरच्या माणसाला लागू नये हा विचार डिझाइनच्या पहिल्या दिवसापासून करावा लागतो. दिसायला भारी असलेला तो फिन याच प्रश्नावर नापास झाला असता.