जिनीव्हाचे ‘नातीफ’

जिनीव्हा म्हटले की घड्याळे आठवतात आणि रूसो आठवतो. पण ती घड्याळे घडविणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या प्रजासत्ताकात मत नव्हते.

अठराव्या शतकात तेथे माणसांच्या पायऱ्याच होत्या. वर नागरिक आणि हक्क विकत घेतलेले ‘बुर्ज्वा’. खाली बाहेरून येऊन राहिलेले रहिवासी, आणि त्यांची गावातच जन्मलेली मुले-नातवंडे म्हणजे ‘नातीफ’. कर भरायचा, पण नागरिकांच्या सर्वसाधारण सभेत पाऊल टाकायचे नाही.

नागरिकांवरही हुकमत पंचवीस जणांच्या लघुसभेची. १७६२ मध्ये तिने रूसोची पुस्तके जाळविली. पुढल्या वर्षी नागरिकांनी तक्रारअर्ज नेले, तर ते सर्वसाधारण सभेपुढे जाऊच दिले नाहीत. अर्ज घेऊन खणात ठेवण्याचा रिवाज किती जुना पाहा! झगडून १७६८ मध्ये नागरिकांनी सवलती मिळविल्या. नातीफांच्या वाट्याला तुकडे आले. १७७० मध्ये नातीफ खवळले, तेव्हा त्यांच्यावर हत्यार उचलणाऱ्यांत कालचे हे आंदोलकही होते. तिघे मेले, पुढारी हद्दपार झाले. काही कारागीर व्हॉल्टेअरच्या फर्ने गावी जाऊन घड्याळे करू लागले. या साऱ्या इतिहासात मला हेच सर्वांत बोचते.

पुढे शहाणपण आले. एप्रिल १७८२ मध्ये दोघांनी मिळून सत्ता घेतली; जुलैत फ्रान्स, बर्न व सार्डिनियाच्या फौजांनी ती मोडली. नातीफांना समान हक्क मिळाले डिसेंबर १७९२ मध्ये. जिनीव्हाच्या स्त्रियांना कँटनमध्ये मत मिळाले, ते १९६० मध्ये.