वालचंदांच्या काळातला पिकअप आणि आजचा स्टिरिओ

१/ सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लरच्या सहकार्याने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, फार्गो ही वाहने जुळवली जाऊ लागली.

२/ त्या पिढीतला पिकअप जतन करणाऱ्यास त्यात संगीतही हवेसे वाटते. अडचण विजेपासून सुरू होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत क्रायस्लरची वाहने ६ व्होल्टवर चालत आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या स्टिरिओला १२ व्होल्ट लागतात, शिवाय सांगाड्याला ऋण टोक. थेट जोडल्यास संच जळू शकतो.

३/ दुसरी अडचण जागेची. आजच्या संचाला सुमारे १८० मिमी रुंद व ५० मिमी उंच खाच लागते. जुन्या डॅशबोर्डात ती नसते. मग कारागीर सरळ पत्रा कापतो.

४/ कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, आणि तोच तर त्या काळाचा पुरावा. म्हणून धन अर्थिंगला चालणारा कन्व्हर्टर निवडावा, फ्यूजसह स्वतंत्र वायर ओढावी, संच आसनाखाली बसवावा. निवडीची कसोटी एकच : उद्या स्टिरिओ काढला, तर गाडीवर एकही नवे छिद्र दिसता कामा नये.