ब्लूटूथने पाठवलेल्या फाइलची कुळकथा

फोन आणि लॅपटॉप ब्लूटूथने जोडले गेले, दोन्हीकडे ‘पेअर्ड’ दिसतंय, आणि तरीही फोटो पाठवला की जात नाही. अशा वेळी माणूस बहुधा जोडणी मोडतो, पुन्हा करतो, आणि पुन्हा तिथेच अडतो. या अडचणीचं कूळ ब्लूटूथहून जुनं आहे.

१९९० साली ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-४८एसएक्स हा कॅल्क्युलेटर आला. त्याला इन्फ्रारेडची सोय होती. दोन कॅल्क्युलेटर समोरासमोर अगदी जवळ ठेवले की एकातला प्रोग्राम दुसऱ्यात जाई. पुढे ज्याची त्याची पद्धत वेगळी होऊ लागली, म्हणून १९९३ साली कंपन्यांनी इन्फ्रारेड डेटा असोसिएशन स्थापन केली आणि वर्षभरात सामाईक नियम ठरले. अंतर साधारण १ मीटर, वेग सेकंदाला ११५.२ किलोबिटपर्यंत, म्हणजे संगणकाच्या सीरियल पोर्टचाच. हात जरा हलला की काम तुटे.

प्रकाश पोचला तरी फाइल पोचत नाही. तिचं नाव काय, आकार किती, संपली कुठे, हे पलीकडच्याला कळावं लागतं. त्यासाठी याच संघटनेने १९९७ साली ‘ओबेक्स’ हा प्रोटोकॉल काढला. वेबच्या एचटीटीपीसारखाच, पण छोट्या यंत्रांना झेपेल इतका आटोपशीर. पाठवणारा ‘कनेक्ट’ म्हणतो, मग ‘पुट’ म्हणून नाव, लांबी आणि मजकुराचे तुकडे देत जातो. घेणारा प्रत्येक तुकड्याला ‘पुढे चालू’ म्हणतो किंवा नकार देतो. मला ही रचना फार सुंदर वाटते. खाली प्रकाश आहे की रेडिओ, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणूनच एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी १९९८ साली ब्लूटूथचा गट उभारला, तेव्हा फाइल पाठवण्यासाठी त्यांनी ओबेक्सच उचललं.

उचलताना एक गोष्ट मात्र मागे राहिली. इन्फ्रारेडमध्ये यंत्र समोर धरणं हीच घेणाऱ्याची संमती होती. रेडिओ चहूकडे जातो, भिंतीपलीकडेही. मग ओळख पटवण्यासाठी पेअरिंग आलं. पण पेअरिंग ओळखीपुरतं. फाइल घ्यायला पलीकडे ओबेक्सची सेवा जागी असावी लागते. दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि आजची बहुतेक तक्रार या फटीतूनच येते.

जुन्या नोकियांवर ब्लूटूथ चालू केलं की ही सेवाही चालू असे, म्हणून कॉलेजच्या कट्ट्यावर गाणी सहज फिरली. संगणकांनी ती झाकून ठेवली. विंडोजवर आजही आधी ब्लूटूथच्या सेटिंगमधून ‘रिसीव्ह फाइल्स’ची खिडकी उघडावी लागते आणि मगच फोनवरून पाठवायचं. मॅकवर ‘ब्लूटूथ शेअरिंग’ मुळात बंद असतं. ही सावधगिरी मला योग्य वाटते. २००४ साली ‘कॅबिर’ हा किडा (वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्राम) ‘सिम्बियन’ प्रणालीच्या फोनांमध्ये याच वाटेने पसरला. आसपासच्या फोनांना तो स्वतःची फाइल पाठवत राही आणि लोक ‘हो’ दाबत.

आयफोनने मात्र फाइलसाठी ही वाट ठेवलीच नाही, तेव्हा आयफोनवरून विंडोजकडे ब्लूटूथने फोटो पाठवण्यात वेळ घालवू नये. आणि अँड्रॉइडवरूनही १ जीबीचा चित्रपट पाठवू नये. ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग फार तर सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे तासाहून जास्त वेळ.

२०११ सालचं एअरड्रॉप आणि २०२० साली निअरबाय शेअर म्हणून आलेलं आजचं क्विक शेअर, दोन्ही ब्लूटूथचा उपयोग मुख्यतः शेजारी शोधायला करतात आणि जड ओझं वाय-फायवर टाकतात. घेणाऱ्याच्या तयारीचा प्रश्न तिथेही आहेच. २०२२च्या अखेरीपासून आयफोनवर ‘सगळ्यांकडून’ घेण्याची मुभा १० मिनिटांनी आपोआप बंद होते. समोरचा फोन यादीत दिसेनासा झाला, तर आधी तेवढं पाहावं.